आठ-नऊ नसलेली वही

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

पोचले एकदाची. चिपळूणहून रत्नागिरी, तिथे चारुदत्त सरांच्या कॉम्प्युटर क्लासमधून मशीन घेऊन टेम्पोने पूर्णगडच्या अलीकडे या वाडीत. मॉनिटर मी पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून बसले होते, आता पाय वळत नाहीत. पण जागा पाहिली आणि सगळा शीण गेला. खाडीच्या तोंडावर, कातळाच्या कडेला एका खोलीची केबिन. खिडकीतून नुसतं पाणी. आईला सांगितलं तर म्हणेल, नोकरीला गेलीस की हवापालटाला.

राहायची सोय वर भागोजीकाकांच्या घरी. ते केबिनची राखण करतात, बाकी भातशेती. त्यांची बायको सोनूकाकी बोलकी आहे. मी मनस्विनी आठल्ये म्हणून नाव सांगितलं, तर म्हणाली एवढं लांब कोण हाकारील, मी बाय म्हणीन. रात्रीच्या जेवणात नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. दोन वेळा वाढून घेतलं.

काम तीन महिन्यांचं. पहिली नोकरी, त्यामुळे ही वहीसुद्धा नवी.

४ ऑक्टोबर

कामाचं स्वरूप नीट लिहून ठेवते. पूर्वी इथे जेटी बांधायची म्हणून एका कंपनीने पाण्यात मोजणी केली. केबिनच्या भिंतीत, माझ्या खुर्चीच्या मागेच, एक लोखंडी पेटी बसवलेली आहे. ती रोज दुपारी बारा वाजता समुद्राच्या दिशेने आवाज सोडते. समोर जे काही पहिलं आडवं येईल, त्यावर आपटून आवाज परत येतो, आणि यंत्र ते अंतर फुटांत कागदाच्या गुंडाळीवर छापतं. दिवसाला एक आकडा. तो वहीत उतरवायचा. जेटी कधीच बारगळली, पण यंत्र चालू आहे आणि सहा वर्षांच्या वह्या साठल्या आहेत. दोन हजार साल लागायच्या आत ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून मुंबईच्या कंपनीला द्यायचं, असं सरांनी घेतलेलं काम.

आज बारा वाजता पहिला आकडा पाहिला : ३१३. वहीत लिहायला पेन काढलं तर भागोजीकाका पुढे आले. म्हणाले, "बाय, तू कॉम्प्युटरात घाल. वहीत मी लिवतो." गेलं दीड वर्ष तेच लिहितायत. पण त्यांचा चार आणि पाच सारखाच दिसतो. मी म्हटलं, सरांनी मला सांगितलंय, चूक झाली तर माझ्या अंगावर येईल. ते वही सोडेनात. शेवटी मी जरा आवाज चढवला. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, नंतर वाईट वाटलं.

६ ऑक्टोबर

कालचा ३०४, आजचा २७५. रोज उतरतोय. गाळ साचत असेल.

सोनूकाकीने आज पत्र लिहून घेतलं. तिचा मुलगा रघू. आधी केबिनचं काम तोच करायचा, आता मुंबईला कंपनीत लागलाय म्हणे. दीड वर्षात एक चिठ्ठी नाही. काकीने सांगितलं, लिही की तुझा बिछाना रोज उन्हात घालते. भागोजीकाका ओटीवर बसून होते. पत्त्यासाठी विचारलं तर उठून गोठ्यात गेले. पत्ता काकीनेच सांगितला, परळच्या कुणा भावकीतल्याचा.

९ ऑक्टोबर

आज डोक्यात एकदम प्रकाश पडला, म्हणून दुपारीच लिहायला बसले.

चार दिवस जुन्या वह्या टाइप करतेय. माझी दोन बोटं कीबोर्डच्या एका टोकाला जातच नाहीत, हे लक्षात आलं. आठ आणि नऊ. सहा वर्षांच्या वह्यांत, दोन हजारांवर आकड्यांत, एकदाही आठ नाही, एकदाही नऊ नाही.

ऑक्टल! डिप्लोमाला घोकलेलं ते. जुनी यंत्रं आपल्यासारखं दहावर मोजत नाहीत, आठावर मोजतात. त्यांच्याकडे शून्य ते सात एवढेच अंक. सातनंतर थेट १०, म्हणजे त्यांचा १० हा आपला आठ. उजवीकडचं पहिलं घर एकाचं, दुसरं आठाचं, तिसरं चौसष्टाचं, चौथं पाचशे बाराचं. आजचा आकडा २५०. दोन चौसष्ट म्हणजे एकशे अठ्ठावीस, पाच आठे चाळीस, वर शून्य. एकशे अडुसष्ट. म्हणजे ती वस्तू अडीचशे फुटांवर नाहीच, एकशे अडुसष्ट फुटांवर आहे. सहा वर्षं सगळे चुकीचं अंतर वाचत होते, आणि हे कुणा इंजिनिअरच्या नाही, माझ्या लक्षात आलं.

उद्या बदल करून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिते.

११ ऑक्टोबर

प्रोग्रॅम चालला. पण मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

मूळ आकडे पाहिले तर उतार वेडावाकडा वाटतो. ३१३, ३०४, २७५, २६६. कधी नवाने उतरतो, कधी एकोणतिसाने. म्हणून कुणी लक्ष दिलं नसेल, यंत्र बिघडलं असं म्हणाले असतील. दशमानात केल्यावर असं दिसतं : २०३, १९६, १८९, १८२, १७५, १६८. आज १५४.

रोज सात फूट. बरोब्बर सात. मागे जाऊन पाहिलं. मागच्या वर्षी पावसात सात, होळीला सात, वादळ झालं तेव्हाही सात. गाळ असा साचत नाही.

वाडीतल्या बूथवरून सरांना फोन केला. ते म्हणाले, यंत्राचा दोष असेल, आपण दुरुस्तीला गेलेलो नाही, जे आहे ते चढव. बरोबरच आहे त्यांचं.

१४ ऑक्टोबर

आकडा २०५. म्हणजे १३३ फूट.

आज सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने मांडल्या. पहिला आकडा ३ जून १९९३चा : ७७७७, म्हणजे चार हजार पंच्याण्णव. तिथून रोज सात फूट, पाचशे पंच्याऐंशी दिवस, आणि ९ जानेवारी १९९५ला शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा ७७७७. मग १७ ऑगस्ट १९९६ला शून्य. मग २६ मार्च १९९८ला.

आणि प्रत्येक शून्यानंतर अक्षर बदलतं.

वहीच्या पुठ्ठ्यावर नावं आहेत. पहिला गंगाराम. त्याच्यामागून रामा. मग रघू. शून्याच्या दिवशीचा आकडा त्यांच्या हातचा नाही. त्या तारखेपुढे जागा कोरी, आणि नंतर कुणी तरी दुसऱ्याच शाईने शून्य घातलेलं.

२७ मार्च १९९८पासून भागोजीकाकांचं अक्षर. ४ ऑक्टोबरपासून माझं.

१८ ऑक्टोबर

१५१. म्हणजे १०५.

काकांना विचारलं, गंगाराम कुठे असतो आता. म्हणाले, गेला. रामा? तोही गेला. कुठे गेला विचारलं तर भाताच्या भाऱ्याला दोर आवळत राहिले. मग वर न बघता म्हणाले, बाय, दिवाळीला लवकर घरी जा, चार दिवस आधीच जा.

पुढचे आकडे मांडून पाहिले. शून्य २ नोव्हेंबरला.

यंत्राचा दोष आहे. सर म्हणाले तसंच असणार. तरी आज खुर्ची भिंतीपासून काढून दाराजवळ घेतली.

२२ ऑक्टोबर

पेटीतून केबल कुठे जाते ते पाहायला कातळाखाली उतरले. दहा हातांवर केबल तुटलेली आहे. आतली तांब्याची तार कुणी तरी कधीच ओढून नेलेली. तुटल्या टोकावर कालवं चढली आहेत, म्हणजे वर्षानुवर्षं तशीच आहे.

पाण्यात काही जातच नाही. मग आवाज कोण ऐकतं आणि परत कोण पाठवतं.

वर आले तेव्हा बारा वाजत होते. यंत्राने छापलं, ११५. सत्त्याहत्तर फूट. तरीही वहीत लिहिलं. का लिहिलं कळत नाही. सवय.

२४ ऑक्टोबर, रविवार

काल १०६, आज ७७.

रघूच्या वहीत याच जागेवर समासात लिहिलंय : आज धावलं. त्याला वाटलं, एका दिवसात एकोणतीस फूट आलं. बिचाऱ्याला कुणी सांगितलं नाही की ७७नंतर थेट १०० येतात, मधले आकडे नसतातच. ते धावलं नव्हतं. सत्तरावरून त्रेसष्टावर आलं, नेहमीसारखं.

हे मला कळतं म्हणून बरं वाटायला हवं.

पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती. टेप घेऊन खाली गेले. भिंतीपासून त्रेसष्ट फूट मोजले. तिथे वाळूत दोन पावलं आहेत. अनवाणी, शेजारी शेजारी, उभं राहिल्यासारखी. आत पाणी भरलेलं. दुपारी तिथे भरती येऊन गेली, तरी कडा मोडलेल्या नाहीत. टाचा खोल. बोटं केबिनकडे.

येणारी पावलं नाहीत. जाणारीही नाहीत. सात फूट मागे टेपने पाहिलं, तिथे कालची जोडी होती. मधली वाळू सपाट.

डाव्या पावलाला करंगळी नाही.

२६ ऑक्टोबर

६१. एकोणपन्नास.

पावलं एकोणपन्नासावर. समुद्र नाही, गाळ नाही, कुणी तरी दिवसाला एकदा पुढे येऊन उभं राहतं. बारा वाजता.

सोनूकाकीला सांगायचं तोंडाशी आलं होतं. ती रघूचा बिछाना उलटा घालत होती. नाही सांगितलं.

२८ ऑक्टोबर

निघाले. काकांना सांगितलं, सरांकडे काम आहे. त्यांनी एसटीपर्यंत पिशवी आणून दिली, म्हणाले परत येऊ नको, सामान मी पाठवीन. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं.

रत्नागिरीत सरांच्या बहिणीकडे, मालिनीताईंकडे उतरले. शाळेत शिकवतात. खूप प्रेमळ आहेत. खिडकीखाली रिक्षांचा गोंगाट. किती दिवसांनी भूक लागली. सरांना सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले थोडी विश्रांती घे. उद्या संध्याकाळी चिपळूणला आईकडे जाईन.

२९ ऑक्टोबर

दुपारी बारा. मालिनीताई शाळेत. मी स्वयंपाकघरात ओट्याशी.

घराला लांब बोळ आहे, पार पुढच्या दारापर्यंत. लाद्या कोरड्या होत्या. मी नुकतंच पुसून —

दाराजवळ दोन ओली पावलं. मी पाहत असताना ती आली नाहीत. मी डोळे मिटले, उघडले, आणि होती. खाऱ्या पाण्याचा वास. करंगळी नाही.

टेप पिशवीतच होता. मोजलं. मी उभी होते तिथपासून अठ्ठावीस.

केबिनपासून नाही. माझ्यापासून.

चिपळूणला आई आहे. बाबा. तिकडे नाही जाता येत आता.

३० ऑक्टोबर

पहिल्या एसटीने परत आले. काका खळ्यात होते. मला पाहून खालीच बसले. मी पावलांचं सांगितलं, करंगळीचं सांगितलं. मग ते बोलले. जसं बोलले तसं लिहिते.

रघू मुंबईला नाही. त्या २६ मार्चला बाराच्या सुमाराला काका त्याचं जेवण घेऊन केबिनवर गेले. पेन उघडं, खुर्ची खाऱ्या पाण्याने भिजलेली, आणि खुर्चीपुढे दोन पावलं. रुंद, फताडी. रामाची. वाडीत तसा पाय दुसऱ्या कुणाचा नव्हता. रामाला गंगाराम घेऊन गेला, रघूला रामा. जो वहीत आकडा लिहितो त्याच्याकडे आधीचा चालत येतो. बायकोला काय सांगायचं म्हणून मुंबई सांगितली.

"दुसऱ्या दिवशी यंत्रानं साताचे चार आकडे छापले. मी पेन उचललं. माझा पोर येतोय, तर माझ्याकडं येऊ दे. परक्याच्या पोराला कशाला."

मी म्हटलं, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं.

"सांगून तू ऐकली असतीस? आणि मला वाटलं, माझं लिवलेलं दीड वर्षाचं, तुझं चार दिवसांचं. तो बापाला वळखील."

आजपासून वही त्यांच्याकडे. बारा वाजता त्यांनी लिहिलं, २५. एकवीस. पावलं कातळाच्या पायऱ्यांवर, केबिनकडे तोंड करून. मी काकांच्या शेजारीच उभी होते, त्यांचा चष्मा घरी राहिला म्हणून आकडा वाचून दाखवायला.

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

३१ ऑक्टोबर

१६. चौदा.

सोनूकाकी केबिनवर आली. आम्ही तिला थांबवू शकलो नाही. तिने उंबऱ्याबाहेरची ओली पावलं पाहिली, गुडघ्यावर बसली, आणि डाव्या पावलाच्या कडेवर बोट ठेवलं. नांगराचा फाळ लागून गेली होती करंगळी, नऊ वर्षांचा असताना, म्हणाली.

काकांकडे तिने पाहिलंही नाही. विचारलं फक्त एवढंच, की कधी पोचेल.

मी सांगितलं. परवा. बारा वाजता.

१ नोव्हेंबर

७. सातच. इथे दोन्ही सारखे.

केबिनच्या आत पावलं. काकांच्या खुर्चीसमोर. काका त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते, भात किती झालं, कोणती गाय व्याली. मी त्यांच्या मागे उभी. बोटं नेमकी कुणाकडे, ते — मी नाही पाहिलं. पाहायला हवं होतं.

काकी घरी तांदूळ निवडतेय. गातेय.

२ नोव्हेंबर, मंगळवार

साडेअकरा. काका केबिनवर गेलेत. मला म्हणाले, तू वर थांब, खळ्यातून हलू नको. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले जमलं तर काकीकडे बघ.

काकीने खळं सकाळीच सारवलंय. पान मांडलंय. वरण, भात, तळलेला बांगडा. रघूचा बिछाना ओटीवर घातलाय.

लिहीत बसते. लिहिताना जरा —

अकरा चाळीस. काका खालून हाक मारतायत. पुन्हा पुन्हा. वारा उलटा आहे, नीट ऐकू येत नाही. नाय म्हणतायत. इथं नाय. पावलं नाय इथं.

खळ्यात आहेत.

ओल्या सारवणात. दोन. बोटं माझ्याकडे.

सात फूट असतील. मोजायला नको.

मी ओटीवर चढले. ती ओटीखाली. मी दारात आले, ती ओटीवर. तेवढ्याच अंतरावर. पाहत असताना हलत नाहीत. पापणी लवली की —

काकी मध्ये येऊन उभी राहिली. पावलांकडे बघून बोलतेय, अगदी नेहमीच्या आवाजात. "रघू, बाबा तिकडं हायत. ही आपली नव्हं. हिची आय वाट बघत आसंल. तू जेवून घे."

पावलं वळली नाहीत. काकांनी लिहिलेला प्रत्येक आकडा मीही लिहीत आले, या वहीत.

काका चढावर धावत येतायत. वही छातीशी धरलीय. पोचणार नाहीत, चढाव मोठा आहे.

काकी रडत नाही. ती पानाशी बसली आणि भात कालवतेय.

पाच मिनिटं. आईला काही लिहावं तर सुचत —

वास येतोय. खारट. मागून नाही, समोरून. कुणी दिसत नाही पण उन्हात काहीतरी ठिबकतंय, जमिनीवर थेंब —

काकी म्हणाली, हात धू. त्याला म्हणाली की मला

डोळे नाही मिटणार. नाही मिटत. जळतायत, पण नाही मि